पेटी आली का? परदेशी सिनेमाची वाट पाहण्याचा भारतीय इतिहास



येत्या वर्षात कोणकोणते परदेशी सिनेमे येणार आहेत त्यावर एक भाग करा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलं. बडोद्याहून, इंदूरहून, हैदराबादहून, बंगळुरूहून. मी यादी करायला बसलोही. बर्लिनचा महोत्सव फेब्रुवारीत, कान मे महिन्यात, व्हेनिस ऑगस्टच्या अखेरीस. कुठल्या दिग्दर्शकाचं काम कुठवर आलंय, कोणाचा सिनेमा कुठे दाखवला जाण्याची शक्यता आहे, हे सगळं रकाने पाडून लिहिलं. आणि एका रकान्यापाशी अडकलो. तो रकाना होता 'भारतात कधी?' सुपरहीरोंच्या सिनेमांसमोर तारीख होती, काहींची तर दोन वर्षं आधीच ठरलेली. बाकीच्या बहुतेक नावांसमोर मला प्रश्नचिन्ह टाकावं लागलं.

म्हणून आज यादी नाही. आज त्या प्रश्नचिन्हाचा इतिहास. आपल्याकडे परदेशी सिनेमाची वाट पाहायला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली आणि या सबंध काळात एक प्रश्न कायम आहे: तो आणणार कोण?

सुरुवातीला वाट पाहणं नव्हतंच, कारण काय येणार आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला तो 28 डिसेंबर 1895 रोजी. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात त्यांच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या 7 जुलै 1896 रोजी. म्हणजे जेमतेम सहा महिन्यांत. तिकीट होतं एक रुपया. त्या काळात एक रुपया ही थोडीथोडकी रक्कम नव्हती, त्यामुळे प्रेक्षक कोण असतील याचा अंदाज तुम्ही करू शकता. गंमत म्हणजे ल्युमिएरांचा माणूस, मारियस सेस्तिए, निघाला होता ऑस्ट्रेलियाला. मुंबई वाटेत लागली. आपल्याकडे सिनेमा आला तो असा बोटीच्या मार्गावरचं बंदर म्हणून.

ते खेळ पाहणाऱ्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते. सावेदादा. व्यवसाय छायाचित्रणाचा. त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. पुढे 1901 मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचंही. आलेला सिनेमा पाहिला आणि स्वतः करायला घेतला. हा क्रम लक्षात ठेवा, तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात. 1910-11 च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम उभे राहू लागले, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मला यापेक्षा पुढचा तपशील महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर फाळक्यांनी जो सिनेमा मिळेल तो पाहायला सुरुवात केली. 1912 मध्ये ते लंडनला गेले, तेव्हा 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकाची गाठ घेतली. एखाद्या अनोळखी देशात सिनेमाचं काम शिकायला जायचं, तर आधी सिनेमावर लिहिणाऱ्या माणसाकडे जायचं, ही त्यांची समज विलक्षण होती. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

पुढच्या पंधरा वर्षांत चित्र पालटलं. परदेशी सिनेमा वाटेत लागलं बंदर म्हणून येईना, तो भरभरून येऊ लागला, आणि त्यातला बहुतांश अमेरिकेतून. इतका, की ब्रिटिश सरकार अस्वस्थ झालं. राज्य इंग्रजांचं आणि पडद्यावर राज्य हॉलिवूडचं. 1927-28 मध्ये मद्रासचे वकील टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. साम्राज्यात तयार झालेल्या, म्हणजे खरं तर ब्रिटिश, चित्रपटांना भारतात खास सवलत मिळावी असा सरकारचा मनसुबा होता. समितीने देशभर फिरून शेकडो साक्षी घेतल्या आणि ती सवलत द्यायला नकार दिला. सवलत द्यायचीच तर भारतीय सिनेमाला द्या, असा तिचा सूर होता. सरकारने अहवाल बासनात बांधून ठेवला. आपल्याला काय बघायला मिळावं याचा निर्णय दुसरीकडे होतो, हे या देशात तेव्हापासून कागदोपत्री नोंदलेलं आहे.

आता आपण माझ्या आवडत्या काळात येतो. सिनेमा पाहायला मिळत नाही, पण त्याविषयी वाचायला मिळतं, असा हा काळ.

सत्यजित राय शांतिनिकेतनला चित्रकला शिकत होते तेव्हा तिथल्या ग्रंथालयात त्यांच्या हाती सिनेमावरची पुस्तकं लागली. त्यांत पॉल रोथाचं 'द फिल्म टिल नाऊ' होतं. पुढे पुदोव्किन आणि आयझेन्स्टाइन यांचं लेखन त्यांनी वाचलं. कल्पना करा. एका रशियन सिनेमात जिन्यावरून बाबागाडी घरंगळत जाते, त्या दृश्यात कुठे काप आहे, कुठला तुकडा किती लांब आहे, हे तुम्हाला पुस्तकातून माहीत आहे, आणि सिनेमा मात्र तुम्ही पाहिलेला नाही. तो कधी पाहायला मिळेल याचीही खात्री नाही. त्या पिढीने असे कितीतरी सिनेमे आधी डोक्यात पाहिले. मला कधी कधी वाटतं, प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांतले काही त्यांना डोक्यातल्यापेक्षा फिकेही वाटले असतील.

1947 मध्ये राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली. त्यांनी सुरुवातीलाच दाखवलेला सिनेमा 'बॅटलशिप पोटेमकिन' होता, हाच तो बाबागाडीचा सिनेमा. तो 1925 सालचा. म्हणजे बावीस वर्षांची प्रतीक्षा. 1949 मध्ये झाँ रेन्वार 'द रिव्हर'च्या तयारीसाठी कलकत्त्यात आले तेव्हा राय त्यांच्याबरोबर बाहेरगावी जागा बघत हिंडले. 1950 मध्ये जाहिरात कंपनीने रायना काही महिने लंडनच्या कचेरीत पाठवलं. त्या मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास सिनेमे पाहिले! आयुष्यभराची उपासमार झालेला माणूस पंगतीला बसावा तसे. त्यांतच डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' होता. खरी जागा, नवखे नट, नैसर्गिक उजेड. असा सिनेमा होऊ शकतो, ही खात्री घेऊन ते बोटीने परतले आणि परतीच्या प्रवासात 'पथेर पांचाली'ची आखणी सुरू झाली.

पण लंडनला जाणं कितीजणांना परवडणार? ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी 1952 उजाडावं लागलं.

24 जानेवारी 1952 रोजी मुंबईच्या न्यू एम्पायर थिएटरात भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. भरवला होता केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने. 23 देश, सुमारे 40 कथापट आणि 100 लघुपट. मुंबईनंतर महोत्सव मद्रासला, दिल्लीला आणि कलकत्त्याला गेला. आजचे महोत्सव एका शहरात मांडी ठोकून बसतात आणि प्रेक्षकांनी तिकडे यायचं असतं. पहिला महोत्सव स्वतः प्रेक्षकांकडे गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इटलीहून 'बायसिकल थीव्ज', 'मिरॅकल इन मिलान' आणि 'ओपन सिटी' आले होते. रशियाहून 'द फॉल ऑफ बर्लिन'. अमेरिकेहून फ्रँक काप्रा जातीने आले होते. भारताच्या बाजूने 'आवारा', तेलुगू 'पाताळभैरवी', बंगाली 'बाबला' आणि आपल्या मराठीतला शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी'. होनाजी बाळाची लावणी-भूपाळी आणि रोमच्या रस्त्यावरचा सायकलचोर एकाच महोत्सवात!

'बायसिकल थीव्ज' 1948 चा. म्हणजे चार वर्षं उशिरा. पण ही चार वर्षं एकदम वसूल झाली. बिमल राय तेव्हा नुकतेच कलकत्त्याहून मुंबईत येऊन स्थिरावत होते. त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी महोत्सवात हा सिनेमा पाहिला. 1953 मध्ये 'दो बिघा जमीन' आला. सलील चौधरींची कथा, पटकथा हृषीकेश मुखर्जींची, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढणारे बलराज साहनी. रोममधल्या त्या बापाची सायकल जाते, इथल्या शेतकऱ्याची जमीन. 1954 मध्ये तो कानमध्ये गौरवला गेला. इटलीचा सिनेमा मुंबईत पोचून मुंबईचा सिनेमा फ्रान्समध्ये पोचायला दोन वर्षं पुरली. त्याच सुमारास कुरोसावाचा 'राशोमोन' कलकत्त्यात लागला आणि राय तो लागोपाठ तीन दिवस पाहत राहिले. एकदा गेलेला सिनेमा परत कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणूनही तीनदा.

पुढचा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला थेट 1961 मध्ये. मधल्या नऊ वर्षांत काय? तर मधली नऊ वर्षं, आणि नंतरचीही तीस, ज्यांनी भरून काढली ती माणसं सरकारी नव्हती, व्यापारी नव्हती आणि बहुतेकांची नावं आज आठवत नाहीत. त्यांतलं एक नाव मात्र मी तुम्हाला आठवायला लावणार आहे, कारण ते मराठी आहे आणि महाराष्ट्राबाहेर घडलेलं आहे.

विजया मुळे. जन्म 1921, मुंबई. लग्नानंतर पाटण्याला गेल्या, नवऱ्याची नोकरी तिथे. 1940 च्या दशकातलं पाटणा, घरंदाज बायकांनी फारसं बाहेर पडायचं नाही असा रिवाज. तिथे रविवारी सकाळी एका थिएटरात इंग्रजी सिनेमे कमी दरात दाखवत, त्यांतून यांना गोडी लागली. घरी राहून, बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली. 1946 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमध्ये लीड्सला शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या. लीड्सच्या विद्यापीठात फिल्म सोसायटी होती. तिथे त्यांना कळलं की चार माणसं वर्गणी काढून, सिनेमे मागवून, एकत्र बसून पाहू शकतात आणि नंतर त्यांवर भांडू शकतात. परतल्यावर त्यांनी मित्रांबरोबर पाटणा फिल्म सोसायटी उभी केली. पाटण्यात! 1954 मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी लागून दिल्लीला गेल्या, तर तिथे दिल्ली फिल्म सोसायटी.

13 डिसेंबर 1959 रोजी कलकत्ता, दिल्ली, मद्रास, मुंबई, पाटणा, रुडकी अशा ठिकाणच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन केलं. अध्यक्ष सत्यजित राय. सहचिटणीस चिदानंद दासगुप्ता आणि विजया मुळे. अध्यक्षांचं नाव पत्राच्या माथ्यावर असतं आणि पत्रं चिटणीस लिहितात, हे संस्था चालवलेल्या कुणालाही सांगायला नको.

विजयाताईंना पुढे लोक ओळखू लागले ते दुसऱ्याच कारणाने. 1974 ची 'एक अनेक और एकता' ही अॅनिमेशनपट्टी. दूरदर्शनवर तुम्ही ती लहानपणी शंभर वेळा पाहिली असेल. ती त्यांनी केली. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. वयाच्या नव्वदीजवळ पोचताना त्यांनी विसाव्या शतकातल्या परदेशी सिनेमांत भारत कसा दिसतो यावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं. 2019 मध्ये दिल्लीत गेल्या. पाटण्याच्या त्या सोसायटीबद्दल मात्र मराठीत फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. 'महाराष्ट्राबाहेरचा मराठी माणूस' म्हटलं की आपण देवासचे गवई आणि ग्वाल्हेरचे सरदार सांगतो. एवढं मोठं काम केलेल्या या बाईंचं नाव त्या यादीत नसावं, हे मला खटकतं.

तर या सोसायट्यांना सिनेमे मिळायचे कुठून? तेही सांगतो, कारण आजच्या मुलांना ते खरं वाटत नाही.

एक वाट होती वकिलातींची. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, फ्रान्स, जपान, सोव्हिएत रशिया, सगळ्यांना आपापल्या देशाची संस्कृती दाखवायची हौस होती. दिल्लीत, मुंबईत त्यांची सांस्कृतिक कार्यालयं होती. पत्र लिहायचं, यादी मागवायची, तारीख मागायची. दुसरी वाट उघडली फेब्रुवारी 1964 मध्ये, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं तेव्हा. तिथले पी. के. नायर म्हणजे अंधारात टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणं काढत सिनेमा पाहणारा माणूस. त्यांनी जुने भारतीय सिनेमे वाचवले हे सगळे सांगतात. पण जगभरचे अभिजात सिनेमे मिळवून 16 मिलिमीटरच्या प्रिंट गावोगावच्या सोसायट्यांना पाठवण्याची व्यवस्थाही त्यांच्या संग्रहालयाने केली. 1967 पासून सतीश बहादूर आणि मंडळींनी पुण्यात सिनेमा रसास्वादाचे वर्ग घेतले. त्या वर्गांना आसामपासून केरळपर्यंतची माणसं आली आणि परत जाऊन आपल्या गावात सोसायटी काढून बसली.

मी अशाच एका सोसायटीत, मध्य प्रदेशातल्या एका शहरात, वयाच्या सतराव्या वर्षी खुर्च्या मांडायच्या कामाला लागलो. चिटणीस बँकेत कारकून. दर महिन्याला आमचा एकच प्रश्न असायचा, पेटी आली का? रिळांचे पत्र्याचे डबे एका पेटीत बसवून रेल्वे पार्सलने यायचे. पावती आली की आम्ही दोघं सायकलवर स्टेशनात. एकदा तीन महिने पत्रव्यवहार करून एक जपानी सिनेमा मागवला होता. सायक्लोस्टाइल केलेली पत्रिका वाटली, कथासार लिहिलं, एका प्राध्यापकांना बोलायला बोलावलं. पेटी उघडली तर आत कुठल्याशा पूर्व युरोपीय देशातल्या सहकारी शेतीवरचा माहितीपट. कुठे अदलाबदल झाली ते कधी कळलं नाही. हॉल भरला होता. चिटणीसांनी उभं राहून खरं काय ते सांगितलं आणि म्हणाले, ज्यांना जायचं त्यांनी जावं. बरेच गेले. आम्ही तीस-चाळीस जण बसलो आणि तासभर ट्रॅक्टर पाहिले. तो जपानी सिनेमा मी पुढे सोळा वर्षांनी, डीव्हीडीवर पाहिला. त्यातलं फारसं आठवत नाही, ट्रॅक्टर आठवतात.

या चळवळीला सोवळं समजू नका हं. फिल्म सोसायट्यांना आपल्या सदस्यांपुरते सेन्सॉरची कात्री न लागलेले सिनेमे दाखवण्याची सवलत होती. त्यामुळे सत्तरच्या दशकात सदस्यसंख्या फुगली, ती सगळी बर्गमनच्या तत्त्वचिंतनामुळे नव्हे. फ्रेंच सिनेमा म्हटलं की मागच्या रांगा आधी भरत. पण त्या मागच्या रांगांच्या वर्गणीवर पुढच्या रांगांनी ओझू आणि रेंची 'अपराजितो' पाहिली, हा हिशेबही खरा आहे.

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे, सुपारीच्या बागांचं. तिथे के. व्ही. सुब्बण्णांनी 'नीनासम' ही नाटकाची संस्था चालवली, आणि 1973 मध्ये तिच्याच अंगणात फिल्म सोसायटीही काढली. पुण्याहून नायरांच्या पेट्या या खेड्यात जात. बागेत काम करणाऱ्यांनी 'राशोमोन', 'बायसिकल थीव्ज', 'पथेर पांचाली' पाहिले, त्यावर कन्नडमध्ये चर्चा केल्या. नायरांवरचा 'सेल्युलॉइड मॅन' हा माहितीपट मिळाला तर जरूर पाहा. त्यात हेग्गोडूचे गावकरी आपण पाहिलेल्या सिनेमांविषयी बोलतात, आणि आपण शहरी लोक जरा खाली मान घालतो. केरळात अडूर गोपालकृष्णन आणि मित्रांनी 1965 मध्ये तिरुअनंतपुरमला 'चित्रलेखा' सोसायटी काढली. पुढे ऐंशीच्या दशकात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा या गटाने 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन खेडोपाडी चॅप्लिन दाखवला आणि लोकांनी दिलेल्या छोट्या छोट्या वर्गण्यांतून 1986 मध्ये 'अम्मा अरियान' हा सिनेमा उभा केला. आज डिसेंबरात तिरुअनंतपुरमच्या महोत्सवाला रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे रांगेत दिसतात, दक्षिण कोरियाच्या किम की-दुकला तिथे एखाद्या मल्याळी नटासारखी लोकप्रियता मिळाली. ते एका वर्षात घडलेलं नाही. त्यामागे अशा कित्येक पेट्या आहेत.

मुंबईत 1968 मध्ये प्रभात चित्र मंडळ निघालं, पुण्यात 1985 मध्ये 'आशय'. त्यांच्याविषयी मराठीत बरंच उपलब्ध आहे, म्हणून इथे थांबत नाही.

व्यापारी बाजूने काय चाललं होतं? तिथेही वाट पाहणंच होतं, फक्त कारणं वेगळी. 1971 मध्ये अमेरिकन कंपन्यांबरोबरचा आयातीचा करार संपला आणि नवा व्हायला 1975 उजाडलं. तेवढी वर्षं हॉलिवूडचे नवे सिनेमे येणं जवळजवळ थांबलं. ज्यांचं तारुण्य नेमकं त्या चार वर्षांत आलं त्यांना विचारा, ते अजून चिडतात. करार झाल्यावरही एखादा सिनेमा वर्ष-दोन वर्षांनी येई, घासून पट्ट्या पडलेल्या प्रिंटवर. 'जुरासिक पार्क' अमेरिकेत लागला जून 1993 मध्ये, आपल्याकडे 1994 च्या उन्हाळ्यात. पण तो हिंदी बोलत आला आणि व्यापाऱ्यांना कळलं की इथली वाट इंग्रजी जाणणाऱ्यांपुरती नाही. त्यानंतर अंतर झपाट्याने आटलं. 2019 मध्ये 'अॅव्हेंजर्स: एंडगेम' अमेरिकेत आणि भारतात एकाच दिवशी, 26 एप्रिलला लागला. 2021 चा 'स्पायडरमॅन: नो वे होम' तर इथे एक दिवस आधी.

मग आमचा प्रश्न सुटला का? माझ्या यादीतल्या त्या रकान्याकडे परत या.

2024 च्या मे महिन्यात पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'ला कानचं ग्राँ प्री मिळालं. मुंबईतल्या मल्याळी परिचारिका, त्यांच्याबरोबर छाया कदम यांची पार्वती, आणि गोष्ट शेवटी रत्नागिरीच्या समुद्राकडे वळते. फ्रान्समध्ये तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागला. केरळातल्या मोजक्या पडद्यांवर सप्टेंबरात, आणि ज्या मुंबईची ती गोष्ट आहे तिथे व देशात इतरत्र 22 नोव्हेंबरला. सहा महिने. ल्युमिएरांना पॅरिसहून वॉटसन हॉटेलपर्यंत यायला लागले होते जवळपास तेवढेच! रोहन कानवडे यांच्या मराठी 'साबर बोंडं'ने जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला जागतिक कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक जिंकलं आणि आपल्याला तो दिसला सप्टेंबरात, त्याच वर्षी. ज्या चित्रपटांची आपण परदेशी म्हणून वाट पाहत होतो, त्यांच्या रांगेत आता आपलेच उभे आहेत. संध्या सुरींचा 'संतोष' तर हिंदी बोलतो, उत्तर भारतात घडतो, ब्रिटनने तो ऑस्करला पाठवला. पण 2025 मध्ये इथल्या सेन्सॉर मंडळाने सुचवलेले काप निर्मात्यांना मान्य होण्यासारखे नव्हते, आणि थिएटरचा दरवाजा बंद राहिला. 1952 मध्ये रोमचा चोर न्यू एम्पायरमध्ये पोचला होता.

फोनवर सगळं मिळतं की, असं तुम्ही म्हणाल. बरंच मिळतं, मीही पाहतो. 'मुबी' भारतात 2019 पासून आहे, त्यावर मी माझ्या तरुणपणी नुसते वाचलेले कितीतरी सिनेमे एका पावसाळ्यात पाहून संपवले. रायनी लंडनला केलं तेच, फक्त गादीवर लोळून. पण तिथेही कुणीतरी निवड केलेली असते, हक्क विकत घेतलेले असतात, आणि मुदत संपली की सिनेमा गुपचूप नाहीसा होतो. पेटी निदान परत पाठवताना दिसायची. शिवाय सिनेमा संपल्यावर भांडायला शेजारच्या खुर्चीत कुणी नसतं.

तर माझी यादी. मी ती फाडलेली नाही. 'भारतात कधी?' हा रकाना खोडून तिथे 'कोण आणतंय?' असं लिहिलंय आणि आता एकेका नावासमोर चौकशी करतोय. कुठला वितरक, कुठला महोत्सव, कुठल्या शहरातला क्लब. गोवा नोव्हेंबरात, कोलकाताही त्याच सुमारास, तिरुअनंतपुरम आणि चेन्नई डिसेंबरात, पुणे जानेवारीत. तुमच्या शहराजवळ यातलं काय पडतं ते पाहून ठेवा आणि रजेचा अर्ज आत्ताच टाका, कारण गोव्यात जागा सकाळी आरक्षणाला खुल्या होतात आणि डोळ्यांदेखत संपतात.

आणि एक काम. तुमच्या घरात, काकांच्या कपाटात, बंद पडलेल्या एखाद्या सोसायटीच्या ट्रंकेत जुनी सायक्लोस्टाइल पत्रकं, कार्यक्रमपत्रिका, वकिलातींची उत्तरं, रेल्वेच्या पावत्या असतील. जबलपूर, नागपूर, बेळगाव, सुरत, हुबळी, कुठलीही. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढून ठेवा, मागच्या बाजूला साल आणि गाव लिहा, आणि ती पेटी स्टेशनवरून कोण उचलून आणायचं त्याचं नावही.